लाल गोलातलं प्रश्नचिन्ह

दर गुरुवारी घरातलं वाणसामान आणण्याचं काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आलं. आलं म्हणजे, घरातली इतर सगळी कामं मी एकेकदा बिघडवून झाली आणि हे तेवढं उरलं.

दुकान घरापासून वीस मिनिटांवर आहे. मोठं, फळ्यांच्या लांब रांगांचं, आपणच वस्तू उचलून टोपलीत टाकायची अशा पद्धतीचं. मला ते आवडतं, कारण तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. काउंटरवर "पिशवी आहे?" एवढंच विचारतात, आणि त्याला मान हलवली तरी चालते. पण खरं कारण वेगळं आहे, ते सांगून टाकतो. दुकानाला लागून एका रद्दीवाल्याचा गाळा आहे. तो जुनी पुस्तकं किलोवर विकतो. चाळीसला किलो, मग आत काहीही लिहिलेलं असो. कादंबऱ्या महाग पडतात. कवितासंग्रह हलके, त्यामुळे एका किलोत सहा-सात कवी सहज येतात. गुरुवारचा तो अर्धा तास माझा असतो. बाकीचे सहा दिवस मी त्या अर्ध्या तासाच्या आधाराने काढतो, असं म्हटलं तर बायकोला राग येईल, म्हणून तिला म्हटलेलं नाही.

पुस्तकांचे पैसे मी वाणसामानातूनच वाचवतो. चोरत नाही. निदान मला तरी ती चोरी वाटत नाही. नक्की काय आहे हे ठरवण्याइतका मी ठाम माणूस नाही. बत्तीस वर्षं एका छापखान्यात मी मुद्रितं तपासली. त्यांतली बरीचशी शाळेच्या गणिताच्या पुस्तकांची. पुस्तकाच्या शेवटी जी 'उत्तरे' असतात, ती बरोबर आहेत की नाहीत हे पाहायचं काम माझं. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की मी तो सोडवून पाहतो, आणि माझ्यावर विश्वास नसल्यामुळे तीनदा सोडवून पाहतो. 'खास सवलत' असं ज्यावर लिहिलेलं असतं ती वस्तू किलोमागे कितीला पडते हे काढायला लागलो, आणि लक्षात आलं की सवलतीची वस्तू पुष्कळदा बिनसवलतीच्या शेजारणीपेक्षा महाग असते. मी शेजारीण उचलायचो. उरलेल्या पैशांचे कवी साखरेच्या पुड्याखाली घरी यायचे.

हे सुरळीत चाललेलं असताना एका गुरुवारी मी सहा वस्तू आणायला अडीच तास लावले आणि पाचच घेऊन आलो. मीठ राहिलं.

नेमका त्या दिवशी बायकोचा धाकटा भाऊ चहाला आलेला. त्याला आमच्या घरात 'घाऊक' म्हणतात. त्याच्या तोंडावरही म्हणतात आणि त्याला ते आवडतं. घाऊकचं तत्त्व एकच: मोठं ते स्वस्त. त्याच्या घरी दातांची पेस्ट इतकी आहे की ती संपेपर्यंत दात टिकतील का, अशी मला शंका आहे.

"भाऊजी, मीठ विसरलात?" तो म्हणाला. "अहो, मीठ म्हणजे काही केशर नव्हे. समोरच असतं."

"तिथे दोन प्रकारचं होतं," मी म्हणालो. "एक साडेसातशे ग्रॅमचं..."

"ताई," तो माझ्याकडे न पाहता बहिणीला म्हणाला, "पहिल्या तारखेपासून हे सगळं मी बघतो. गाडी घेऊन जातो, महिन्याचं एकदम आणून टाकतो. भाऊजींना या वयात ताप कशाला?"

"खरंच आणशील का रे?" बायको म्हणाली.

वाणसामान गेलं की गुरुवार गेला, आणि गुरुवार गेला की रद्दीवाला गेला. नुसतं 'रद्दीच्या दुकानात जाऊन येतो' असं सांगून घरातून निघण्याची धमक माझ्यात नाही, आणि माझ्या वयात ती आता उगवेल असंही वाटत नाही.

"मी... मी किलोमागे स्वस्त आणतो," मी शेवटी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मलाच पुन्हा म्हणावं लागलं.

घाऊक हसला. "एकेक पुडी आणून स्वस्त? ताई, ऐकलंस का?"

बायको स्वभावाने न्यायाधीश आहे. नोकरी मिळाली नाही एवढंच. तिने तिथल्या तिथे ठरवलं. पुढच्या गुरुवारी दोघांनी त्याच दुकानात जायचं, तीच यादी घ्यायची: साखर, चहा, तेल, बिस्किटं, कपडे धुण्याची पावडर, मीठ. घरी आल्यावर ज्याचं किलोमागे स्वस्त, काम त्याचं.

"आणि मीठ विसरायचं नाही," ती म्हणाली. हे दोघांना उद्देशून होतं, पण नजर माझ्यावर होती.

गुरुवारी दुकान उघडताक्षणी मी आत शिरलो. सगळ्यात आधी मीठ घेतलं, तेही खिशात घालावं की काय असं वाटत होतं. मग वही काढली आणि जुन्या सवयीने लाल पेन्सिल.

पावडरीची तीन किलोची कौटुंबिक पिशवी तीनशे नव्वदला होती, वर सूर्यफुलाएवढी 'सवलत'. शेजारी एक किलोची एकशे वीसला. म्हणजे मोठी किलोमागे एकशे तीस. एकशे तीस? मी पुन्हा भागलं. एकशे तीसच. आणि फळीवरच्या लेबलावर बारीक अक्षरात छापलं होतं, 'किलोमागे ११०'. किंमत बदलताना खालची ओळ जुनीच राहून गेली असावी. छापखान्यात असं फार व्हायचं. वरचं दुरुस्त करतात आणि खालचं विसरतात.

बिस्किटांच्या पुड्यावर 'पंचवीस टक्के जास्त' असं होतं. अडीचशे ग्रॅम, साठला; शंभर ग्रॅममागे चोवीस. साधा पुडा दोनशे ग्रॅमचा, चव्वेचाळीसला, बावीस. जास्त होतं ते खरं, पण काय जास्त ते त्यांनी लिहिलं नव्हतं. चहा 'एकावर एक मोफत': दोनशे दोनशेचे दोन पुडे मिळून दोनशे साठला, शंभरामागे पासष्ट. कोपऱ्यात तोंड लपवून बसलेला अडीचशेचा एकटा पुडा दीडशेला. साठ. मला त्या पुड्याबद्दल आपुलकी वाटली.

तेलाशी मात्र माझं घोडं अडलं. बाटली लिटरवर, एकशे ब्याऐंशी. डबा किलोवर, एकशे नव्वद. लिटरची आणि किलोची तुलना करायची कशी? मी वीस मिनिटं तिथे उभा होतो. मग आठवलं, तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे लिटरभर तेल किलोपेक्षा कमी भरणार. बाटलीवर अगदी तळाशी, मुंगीने लिहावं तशा अक्षरात सापडलं: 'निव्वळ वजन ९१० ग्रॅम'. म्हणजे बाटलीतलं तेल किलोला दोनशे! मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. असतं तरी सांगितलं नसतंच.

डबा टोपलीत ठेवून साखरेकडे जात होतो, तेवढ्यात मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला.

"अगं, लाल गोलवालं घे! लाल गोलावर वेगळी सूट आहे."

"किती?"

"दहा टक्के म्हणे."

मला ही योजना ठाऊक नव्हती. माझा सगळा हिशेब पालथा पडणार होता. लगबगीने गेलो आणि त्या दोघींच्या खांद्यांवरून पाहिलं. पावडरीच्या लेबलावर, चुकीच्या ओळीच्या शेजारी, लाल पेन्सिलीने एक गोल होता. गोलात प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नचिन्हाची शेपटी डावीकडे जरा जास्तच वळलेली.

ती शेपटी मी बत्तीस वर्षं पाहत आलोय. ती माझी आहे.

छापखान्यातली पद्धत अशी, की आकडा संशयास्पद वाटला तर मुद्रितशोधकाने स्वतः बदलायचा नाही. शेजारी लाल गोलात प्रश्नचिन्ह टाकायचं. त्याचा अर्थ 'लेखकाने पाहावे'. डोकं भागाकारात गुंतलेलं असताना हाताने आपलं काम परस्पर उरकलं होतं. मी रांगा फिरून पाहिल्या. जिथे जिथे खालची ओळ चुकली होती, तिथे तिथे मी लेखकाला पाहायला सांगितलं होतं. एकूण अकरा ठिकाणी. आणि लेखक सोडून सगळं दुकान पाहत होतं.

बिस्किटांपाशी सूट पंधरा टक्क्यांवर गेली होती. चहापाशी वीस झाली. एक गृहस्थ दुसऱ्याला सांगत होते, "जाहिरात करत नाहीत ना, म्हणून खरी सूट आहे." आणि चहाच्या फळीपुढे, दोन्ही हातांनी पुडे ओढत, घाऊक उभा होता. त्याची ढकलगाडी भरून वाहत होती. बाटल्यांचं तेल पाच लिटर, कौटुंबिक पावडर, पंचवीस टक्के जास्तवाली बिस्किटं. अख्ख्या दुकानातला सगळ्यात महाग माल त्याने वेचून वेचून घेतला होता, माझ्या खुणांवर विसंबून.

"भाऊजी!" तो ओरडला. "लाल गोल बघा, लाल गोल! तुम्ही बसा भागाकार करत."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. क्षणभर मला बरं वाटलं. गप्प राहिलं तर मी जिंकत होतो. पुढची सगळी वर्षं गुरुवार माझा होता. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं ही एकच गोष्ट मला उत्तम जमते.

मग काउंटरवर गोंधळ सुरू झाला.

"लाल गोलाची सूट कुठाय?" घाऊकचा आवाज सगळ्यांच्या वर होता. "वीस टक्के! फळीवर खूण करता आणि बिलात लावत नाही?"

"साहेब, अशी काही योजनाच नाही," काउंटरवरची मुलगी रडवेली होऊन म्हणत होती. मागे आठ-दहा जणांची रांग, प्रत्येकाच्या हातात लाल गोलाचा माल.

मॅनेजर धावत आला. तो तरुण होता, पण चेहरा आठवड्याचा शेवट असल्यासारखा. त्याने लेबलांचं काम करणाऱ्या बाईंना बोलावलं. पन्नाशीच्या, कमरेला लेबलं चिकटवायची बंदूक अडकवलेल्या. मी त्यांना दर गुरुवारी पाहतो. म्हणजे त्यांच्या चपला पाहतो. मान वर करून पाहण्याइतकी ओळख नाही.

"बाई, हे गोल तुम्ही केलेत?"

"मी कशाला करू? माझ्याकडे लाल पेन्सिल आहे का?"

"मग लेबलांना दुसरं कोण हात लावतं? तुमचंच काम आहे ना ते? आता हे वीस टक्के तुमच्या पगारातून देऊ?"

मला बाईंच्या चपला दिसत होत्या. डावीचा अंगठा शिवलेला होता.

मी टोपली खाली ठेवली. शाळेत करंगळी वर करतात तशी वर केली, मग चूक लक्षात येऊन तर्जनी केली. कुणाचंच लक्ष नव्हतं. "मी," मी म्हणालो. मग जरा मोठ्याने, "मी केलं ते. ती सूट नाही. ती शंका आहे."

सगळी रांग माझ्याकडे वळली. मी एवढं धैर्य एकवटून गुन्हा कबूल करत होतो, पण कुणालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ते कशामुळे, हे घाऊकने सांगितलं.

"भाऊजी, लाल पेन्सिल तुमच्या कानावर आहे."

प्रत्येक गोलानंतर ती तिथेच परत गेली होती.

मग मी सांगायचा प्रयत्न केला. छापखाना, समास, लेखकाने पाहावे. मॅनेजर म्हणाला, "कुठला लेखक?" बाई मात्र पावडरीच्या लेबलापाशी गेल्या, मोबाइल काढला, आकडे टाकले आणि परत आल्या.

"काका बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "तीनशे नव्वद भागिले तीन, एकशे तीस. आपण एकशे दहा छापलंय."

"हळू बोला," मॅनेजर म्हणाला.

रांगेतल्या बाईने आपल्या हातातली पावडर काउंटरवर ठेवली. "म्हणजे ही महाग आहे?" मागच्या गृहस्थांनी चहा ठेवला. एकेक करत सगळ्यांनी माल ठेवला. फक्त घाऊकने ठेवला नाही. "काउंटरवर आणलेला माल परत ठेवणाऱ्यातला मी नाही," असं म्हणून त्याने सगळ्याचे पूर्ण पैसे भरले. अब्रूचा किलोमागे दर कुठेच छापलेला नसतो.

मॅनेजरने मला खोडरबर दिला. मी अकराच्या अकरा गोल पुसले, आणि माझ्या मागोमाग बाई नवी लेबलं चिकटवत आल्या. दीड तास लागला. शेवटी मॅनेजर म्हणाला, "काका, यापुढे पेन्सिल दारात ठेवून आत यायचं. चूक दिसली तर बाईंना तोंडानं सांगा."

"तोंडानं?" मी घाबरून विचारलं.

"मग काय, टपालानं?"

टोपली जिथे ठेवली होती तिथे नव्हती. कुणाची तरी राहिली असं समजून कामगारांनी सगळं पुन्हा फळ्यांवर लावलं होतं. पुन्हा आत जायची माझी छाती झाली नाही. मीठ मात्र टोपलीत नव्हतंच. ते मी खरोखरच खिशात घातलं होतं. काउंटरवर जाऊन खिशातून मीठ काढून त्याचे पैसे देताना आणखी कसं दिसलं असेल, ते मी लिहीत नाही. रद्दीवाल्याच्या गाळ्यावरून खाली मान घालून गेलो.

घरी जेवणाच्या टेबलावर घाऊकचा डोंगर रचलेला होता. त्याच्या शेजारी मी मिठाचा पुडा ठेवला.

"झालं?" बायको म्हणाली.

"झालं."

"ताई, निकाल लाव," घाऊक म्हणाला. "दुकानाच्या भिंती... म्हणजे फळ्या रंगवून आलेत भाऊजी. अख्ख्या दुकानासमोर! मला तर मान वर करायला जागा ठेवली नाही."

बायकोने माझी रिकामी पिशवी हातात घेऊन तोलली. "आज हलकी आहे. रद्दीवाला बंद होता का?"

मी खुर्चीवर बसलो.

"तुला माहीत आहे?"

"मागच्या वर्षी पलंगाखाली झाडायला गेले तर झाडू आतच जाईना," ती म्हणाली. "सहा वस्तूंची पिशवी दोन्ही हातांनी आणता. मी काय आंधळी आहे? बरं, आता सांगा. पावडर किलोमागे किती जास्त?"

"दहा," मी म्हणालो. "तीन किलो, म्हणजे तीस."

"बिस्किटं?"

"आठ पुडे. दोन किलो. चाळीस जास्त."

"चहा?"

"दोन जोड्या, आठशे ग्रॅम. चाळीस."

"तेल?"

"तेल लिटरवर आहे, ताई, त्याची तुलनाच होत नाही," घाऊक म्हणाला.

"होते," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला तोडून बोललो असेन. "पाच लिटर म्हणजे चार किलो साडेपाचशे ग्रॅम. साडेपंचेचाळीस जास्त. सगळं मिळून एकशे साडेपंचावन्न." चार किलोला जरा कमी पुस्तकं, असं मनात म्हणालो. मनात म्हणालो असं मला वाटलं.

"चार किलो आणखी कुठे ठेवणार?" बायको म्हणाली.

मग तिने डोंगर एकदा उपसून पाहिला. साखरेच्या मागे पाहिलं, बिस्किटांखाली पाहिलं. "मीठ कुठाय रे?"

घाऊकने ढकलगाडी अजून समोर असल्यासारखं इकडे तिकडे पाहिलं. "मिठावर लाल गोल नव्हता," तो म्हणाला.

बायकोने माझा पुडा उचलला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथूनच निकाल आला. "गुरुवारी हेच जातील. आणि तू त्यातला दोन किलो चहा घेऊन जा घरी."

"आठशे ग्रॅम," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

गुरुवार राहिला खरा, पण 'तोंडानं' ह्या शब्दाने माझी आठवडाभर झोप उडवली. 'बाई, जरा ऐकता का' हे वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं. आरशातल्या माणसानेही मान खाली घातली.

गुरुवारी पेन्सिल घरी ठेवून गेलो. जॅमच्या फळीवर एक चूक सापडली. अर्धा तास त्या बाटलीभोवती घिरट्या घातल्या, आणि शेवटी वहीतलं पान फाडून शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'जॅम, ४५० ग्रॅम, १०८ ला. १०० ग्रॅममागे २७ हवे. लेबलावर २४ आहे. कृपया पाहावे.' तीनदा तपासलं. बाई लेबलं चिकटवत होत्या तिथे गेलो आणि चिठ्ठी पुढे केली.

त्यांनी ती वाचली. मग मोबाइल न काढताच पुन्हा वाचली. कानामागून बॉलपेन काढलं, माझ्या सत्तावीसच्या शेजारी एक गोल काढला आणि त्यात प्रश्नचिन्ह.

"काका, भागायचं साडेचारनं होतं. तुम्ही चारनंच भागलंत."

मी चिठ्ठी पाहिली. चोवीसच. लेबल बरोबर होतं.

"हो की," मी म्हणालो. आणि मग, कोणतीही तयारी न करता, तोंडाने: "तुमच्या प्रश्नचिन्हाची शेपटी फार छान आली आहे."

त्या हसल्या. मी पहिल्यांदाच मान वर केली होती, म्हणून ते मला दिसलं. बाहेर आलो तेव्हा रद्दीवाल्याने गाळा नुकताच उघडला होता. मी एक किलो तीनशे ग्रॅम घेतलं. त्याने बावन्न मागितले, आणि मी ते न मोजता दिले.

वाटेत मात्र मोजले. बरोबर होते.